खुर्चीवर उभा राहिलेला माणूस

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या हेमचंद्र गोगटेने अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या सीट डिझाइन केल्या, आणि हा गृहस्थ स्वतः दहा मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! रिटायर झाल्यावर तर पायाला भिंगरीच. गावच्या सॉकर क्लबची मॅच असली की कंबरेला ढोल बांधायचा आणि आपल्या ढोल पथकाबरोबर गोलामागच्या स्टँडमध्ये नव्वद मिनिटं उभं राहायचं, एवढंच त्याचं सुख. "अहो, बसा ना जरा," हे पद्मिनीबाईंचं पालुपद तीस वर्षं चालू होतं.

आता त्या स्टँडवरूनच गावात रण माजलं होतं. क्लबचं म्हणणं, तिथल्या खुर्च्या काढू, दर रांगेला कंबरेएवढा लोखंडी कठडा लावू, लोकांना सुरक्षित उभं राहू दे. विरोधक म्हणत, उभं राहण्यानेच तर जूनमध्ये अपघात झाला. एक रांग पुढच्या रांगेवर कोसळली आणि सगळ्यांत खाली सापडली मोना, ढोल पथकातलीच पोर. दातांची डॉक्टर ती. मनगट मोडून तीन महिने घरी बसली.

पहिला कोण पडला, हे कुणालाच कळलं नव्हतं. हेमचंद्रला पक्कं ठाऊक होतं, कारण पहिला पडलेला तो स्वतःच होता. ढोल पुढच्या खुर्चीला अडकतो म्हणून हा पठ्ठ्या खुर्चीवर चढला. गोल झाला, याने उडी मारली, आणि ती मिटणारी सीट मिटली. बिजागरी काय करते ते याच्याइतकं कोणाला कळत होतं? पण ढोलामुळे स्वतःचे पायच दिसत नव्हते. नंतर पद्मिनीबाईंनी भरलेले डबे सहा आठवडे मोनाकडे यानेच पोचवले आणि दर वेळी तोंड मिटून परतला. लाज वाटायची, भयंकर लाज.

गावच्या कौन्सिलपुढच्या सुनावणीला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मोना विरोधात बोलून बसली. हेमचंद्र मागे येरझारा घालत होता. दोष उभं राहण्याचा नव्हे, खुर्चीचा होता, हे खरं सांगितलं तर कठड्यांचं काम होईल. पण खुर्चीवर चढणाऱ्याला क्लब दोन वर्षं आत घेत नाही. ते एक वेळ चालेल हो, पण मोना पुन्हा तोंड बघेल का?

त्याचं नाव पुकारलं. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

"जूनमध्ये पहिला पडलो तो मी," तो म्हणाला. "खुर्चीवर उभा होतो. धरायला काही नव्हतं. मी जन्मभर सीटच बनवल्या, मला कळायला हवं होतं."

मोना गर्रकन वळली. "काका, यू? ऑल दोज डबाज..." ती उठून निघून गेली.

कठडे मंजूर झाले, एका मताच्या फरकाने. हेमचंद्रवर बंदी आली.

चौथ्या दिवशी पोर्चवर पिशवी सापडली. सगळे डबे घासूनपुसून परत आले होते. पद्मिनीबाईंनी एकेक उघडला. सगळे रिकामे. साखरेचा एक दाणासुद्धा नाही! आपल्यात असा डबा कोणी परत करतं का? रिकामा डबा परत करायचा नाही, हे मोनाच्या आईने लहानपणापासून तिला शिकवलं होतं, आणि ते तिने मुद्दाम मोडलं होतं.

"मलाही नाही सांगितलंत," एवढंच पद्मिनीबाई म्हणाल्या. मग त्यांनी शिरा केला, एक डबा भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"या वेळी ठेवून पळू नका. बेल वाजवा आणि ती दार उघडेपर्यंत उभे राहा."

हेमचंद्रने मोनाची बेल वाजवली. आत दिवा होता, पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. डबा हातात निवत चालला होता. जन्मात पहिल्यांदा त्याला मटकन खाली बसावंसं वाटलं. पण तो उभा राहिला.