आसामच्या मिरचीचा कोंब

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याला आमच्या शेजारी एक आसामी कुटुंब राहायचं; नवरा कारखान्यात शिफ्टला जायचा. एका सकाळी त्याची बायको कागदाची पुडी घेऊन आली. तिची आई वारली होती, भावाने घर विकलं होतं, आणि आईच्या अंगणातल्या मिरचीचं बी तेवढं उरलं होतं. एक मिरची सगळ्या घराच्या जेवणाला पुरेल, इतकी ती जहाल. निम्मं बी तिच्याकडे कुजलं होतं. उरलेले पाच दाणे तिने माझ्या तळहातावर ठेवले. "तुमच्या हाताला गुण आहे, ताई. तुम्हीच लावा."

गुण कसला डोंबलाचा! पेणजवळच्या माहेरी मी एकच विद्या शिकले होते, वालाला मोड आणायची. भिजवायचे, फडक्यात बांधायचे, एकदोन दिवसांत मोड हजर. मग कोमट पाण्यात टाकून नखाने सालं काढायची की झालं बिरडं. मिरचीचे दाणेही तसेच बांधले. चार दिवस झाले तरी ढिम्म. मी पुरचुंडी सोडायची, वास घ्यायची, पुन्हा बांधायची. सासूबाई म्हणाल्या, "अगो, वाल नाय ते. जरा दम धर." शेवटी कापलेल्या तेलाच्या डब्यात माती घालून दाणे पेरले आणि डबा उबेसाठी टीव्हीवर ठेवला.

ती रोज दारातून विचारायची, "आलं?" मी म्हणायची, "अजून नाही." तीन आठवडे गेले. मला जेवण गोड लागेना. आपली मिरची मेली तर बाजारात दुसरं रोप मिळतं. हिच्या आईची मिरची कुठून आणणार?

एका सोमवारी कोंब वर आला. एकच. तिला हाक मारायला मी दारापर्यंत गेले आणि थांबले, कारण कोंबाच्या डोक्यावर बियाचं साल तसंच अडकलं होतं. पानं आत गुदमरतील या भीतीने मंगळवार कसाबसा काढला. बुधवारी राहवेना. थेंबभर कोमट पाणी सोडलं आणि नखाने साल धरून अलगद ओढलं, वालाचं जन्मभर ओढत आले तसं. सालाबरोबर डोकंही हातात आलं. मातीत नुसता पांढरा देठ उरला.

मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी तिने विचारलं, "आलं?" मी म्हटलं, "अजून नाही." ती हसली. गुरुवारी, शुक्रवारी तेच. प्रत्येक वेळी ती हसायची, आणि मला वाटायचं, काय धीराची बाई आहे! मी मात्र उरलेल्या चार दाण्यांना मनातल्या मनात हात जोडत होते. एखादा उगवला असता तर माझं खोटं झाकलं गेलं असतं. स्वतःचाच इतका राग यायचा की सासूबाईंवर उगाच खेकसायची.

रविवारी ती नवी कुंडी घेऊन आली, चाळलेली माती भरलेली. "आता पुरे झालं लपवणं, ताई," ती हसत म्हणाली. "मंगळवारी वाटी परत द्यायला आले होते. तुम्ही बाजारात होता. तेव्हाच बघितला मी, टीव्हीवर. मोठा करून देणार असाल म्हणून गप्प बसले. पण भावाला पत्र टाकलं, आईची मिरची उगवली म्हणून. द्या आता."

मी फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीच्या उजेडात नेला आणि वाकून कोंब शोधू लागली. तेव्हा मी सांगितलं.