उजव्या सीटचं वजन

मिलिंद बारीक होत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. वरचं पहिलं वाक्य वर्षभर कुणाजवळ बोलता आलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिलिंद नागपूरचा, मी नाशिकची. अमेरिकेत रेडमंडला आम्ही एकाच सॉफ्टवेअर टीममध्ये होतो. दोघांनी चाळिशीत फ्लाइंगचं लायसन्स काढलं आणि दोघांना एकच वेड लागलं.

स्वतःचं विमान. जुनं, छोटं, दोघांत मिळून परवडेल असं.

लोक हसायचे. "शर्वरी, विमान म्हणजे काय सेकंडहँड कार आहे का?"

जवळपास तसंच असतं हो. फक्त बिघडलं तर बाजूला घेऊन थांबता येत नाही.

दोन वर्षांचे शनिवार त्यात गेले. मिलिंदने एक्सेल शीट केली होती: इंजिन किती तास चाललंय, लॉगबुक पूर्ण आहे का, गंज कुठे.

एका विमानाच्या पंखात उंदरांनी संसार थाटला होता.

एक इतकं चकचकीत होतं की मिलिंदला संशयच आला. मेकॅनिकने पत्रा उघडला, तर आत गंजच गंज.

एकाची जुनी लॉगबुकं मालकाच्या पहिल्या बायकोकडे होती, आणि ती बाई त्याचा फोन उचलत नव्हती.

मग एका गवताळ धावपट्टीवर ते दिसलं. साईच्या रंगाचं, बाजूने निळी रेघ, पंखांवर ताणून बसवलेलं कापड. माझ्या वडिलांपेक्षा दोन वर्षांनी मोठं.

दार उघडलं तर आत जुन्या ट्रंकेचा वास. मिलिंदने लॅपटॉप मिटला. "झालं. हेच."

मालक आजोबांनी आमची वजनं विचारली. मी दहा पाउंड कमी सांगितलं.

त्यांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "हनी, दि एअरप्लेन ऑलरेडी नोज." म्हणजे, विमानाला खरं वजन आधीच कळलंय.

मिलिंद नंतर किती महिने ते वाक्य मला ऐकवत होता!

पण गोष्ट खरी होती. एवढंसं विमान, ते उचलणार तरी किती? आम्ही दोघं बसलो की पेट्रोल अर्धी टाकीच घेता यायचं.

अर्ध्या टाकीत छान फिरता यायचं. नदीवरून एक चक्कर, तळ्यावरून एक. पण मिलिंदला कॅस्केडचे डोंगर ओलांडून पलीकडची गव्हाची शेतं वरून बघायची होती. त्याला टाकी पूर्ण हवी.

"विमान तं बारीक होणार नाही," तो म्हणाला. "आपल्यालेच व्हा लागते."

हँगरमध्ये बाथरूमचा वजनकाटा आला. भिंतीवर व्हाइटबोर्ड लागला. दर शनिवारी उडायच्या आधी दोघांनी काट्यावर उभं राहायचं, आकडा लिहायचा, मगच दार उघडायचं.

मिलिंदचा पहिला आकडा: २१४ पाउंड.

मी भात सोडला, चार दिवसांनी परत धरला. मिलिंद मात्र उतरत गेला. दोनशे पाच. दोनशे. एकशे त्र्याण्णव. प्रत्येक आकड्याला दोघांच्या टाळ्या.

"काय करतोस तरी काय?"

"काही नाही न यार. भूकच लागत नाही आजकाल."

मला हेवा वाटला. खरंच सांगते, हेवा वाटला.

एकशे नव्वदला मी पेढे नेले. वजन कमी झालं म्हणून पेढे! हे आपणच करू शकतो. त्याने अर्धा खाल्ला, उरलेला रुमालात ठेवला. मी म्हटलं, काय कंट्रोल आहे याचा.

पुढच्या आठवड्यात करुणावहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला.

त्याचं स्वतः उडवणं तिथेच थांबलं. पण उजव्या सीटवर बसायला कोण अडवणार?

सप्टेंबरातल्या एका निळ्याशार सकाळी वहिनी त्याला घेऊन आल्या. तो हट्टाने काट्यावर उभा राहिला आणि स्वतःच बोर्डावर लिहिलं: १५१.

मी टाकी काठोकाठ भरली.

धावपट्टीच्या टोकाशी तो हेडसेटमध्ये म्हणाला, "जय भीम. चल." प्रत्येक उड्डाणाआधी म्हणायचा तसंच.

डोंगर हळूहळू खाली गेले. बर्फ, देवदार, एक हिरवं तळं, आणि मग एकाएकी सगळं पिवळं. कापलेल्या गव्हाची शेतं, क्षितिजापर्यंत. आपल्या विमानाची इवलीशी सावली त्यावरून पळत होती. इंजिन गुणगुणत होतं, उन्हात त्याचे डोळे अर्धे मिटले होते. मला वाटलं, आता कुठे उतरूच नये.

"शर्वरी."

"हं?"

"तू टाळ्या वाजवल्या म्हणून मनाला लावून घेऊन राहिली न? नको घेऊ. मीही वाजवल्या."

मला पुढचं दिसेना. त्याने हळूच उजवीकडून कंट्रोल धरला आणि थोडा वेळ विमान त्यानेच उडवलं.

तीन आठवड्यांनी तो गेला.

बोर्डावरचे १५१ मी वर्षभर पुसले नव्हते.

आज सकाळी पुसले. उड्डाणाआधीचा वजनाचा हिशोब मांडला. डाव्या सीटवर माझं वजन, यावेळी खरं. उजव्या सीटवर कुणीच नव्हतं. टाकी पूर्ण भरता आली असती, डोंगर ओलांडता आले असते.

मी उजव्या सीटपुढे २१४ लिहिलं.

आणि टाकी अर्धीच भरली.

नदीवरून एक चक्कर मारली. तळ्यावरून एक. आपण मारायचो तेवढीच.

मला गव्हाची शेतं नको होती रे. मला तू पूर्ण हवा होतास.

जय भीम, मिलिंद. चल.