मेंढपाळांना आत कुणी घेतलं असतं?

नाताळच्या उपासनेत मला पहिल्यांदा दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा मी शहराच्या छावणीतल्या शाळेत नवी-नवी शिक्षिका होते. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. विषय चर्चच्या पाळकसाहेबांनीच दिला: ख्रिस्तजन्मामागची देवाची योजना. मी तिथल्या तिथं हो म्हटलं आणि खोलीवर येऊन कपाळाला हात लावला.

कारण एक गोष्ट मला काही केल्या उलगडत नव्हती. ज्या देवानं बाळाच्या आईबापांना बेथलेहेमात आणायला बादशहाकडून नावनोंदणीचा हुकूम काढवला, आकाशात तारा ठेवला, रानातल्या मेंढपाळांकडे देवदूत धाडले, त्याला तिथल्या धर्मशाळेत एक खोली राखून ठेवता आली नाही? एवढी मोठी तजवीज, आणि नेमकी बाळंतिणीचीच सोय राहून जाऊन बाळ गोठ्यात जन्मावं? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "नम्रतेचा धडा आहे तो." धडा कबूल, पण तो अवघडलेल्या बाईच्या जिवावर कशाला द्यायचा? हे मी मनातच म्हटलं. तेवढी अक्कल होती.

नाताळच्या आधीच्या शनिवारी चितेगावला आईकडे गेले. आई विधवा. शेळ्या-मेंढ्या राखून तिनं मला शिकवलं होतं. त्या वर्षी मी तिला नाताळला शहरात बोलावलं नव्हतं. माझी खोली लहान आहे, असं सांगून मोकळी झाले होते. खरं कारण असं, की तिच्या लुगड्याला शेळ्यांचा वास यायचा आणि चर्चमध्ये माझ्या शेजारी शाळेच्या मोठ्या बाई बसायच्या.

आई अंगणात एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. मी मेंढीचे पाय धरले आणि धरल्या धरल्या माझं कोडं तिला सांगितलं.

"मेंढपाळ कवा आले बाळाला बघाया?" तिनं विचारलं.

"त्याच रात्री, माय. रानातून थेट."

"मंग खोली भेटली असती तर त्यांला आत कुणी घेतलं असतं? अंगाला मेंढरांचा वास, पायाला चिखुल. दारावरनंच हाकललं असतं. गोठ्यात शिरायला कुणाला इचारावं लागत नाय. देवाला ती मान्सं यायला पायजे व्हती, म्हनून खोली भेटू दिली नाय त्यानं."

काटा निघाला. तिनं मेंढी सोडून दिली आणि हात धुवायला गेली.

मला इतका आनंद झाला, की मी पिशवीतून कागद काढून ते सगळं उतरवून घेतलं. तिला मात्र 'नाताळला तू पण चल' असं म्हणाले नाही. लिहितानाच ते मला टोचलं होतं, तरीही म्हणाले नाही.

नाताळच्या सकाळी मी ते बोलले. मंडळी खूश झाली. उपासनेनंतर पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?" मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या.

"प्रार्थनेत सुचलं," मी म्हणाले.

मग मात्र मला तिथं थांबवेना. दुपारच्या गाडीनं चितेगाव गाठलं. आईनं करंज्यांची ताटली पुढं ठेवली.

"बोललीस का?"

"बोलले. सगळ्यांना लई आवडलं."

"कुणी सांगितलं, ते इचारलं का कुणी?"

"विचारलं," मी म्हणाले. "मी तुझं नाव घेतलं नाही, माय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं ताटलीतली एक करंजी उचलून माझ्या हातात दिली.

"फुडच्या नाताळाला मी येऊ का गं?" ती म्हणाली. "धुतलेलं लुगडं नेसून यीन. मागं दाराजवळ बसंन. तुझ्याजवळ नाय बसायची."

तिला सगळं ठाऊक होतं. करंजी माझ्या हातातच राहिली आणि मला रडू आवरेना.