पुढच्या पायऱ्या

मुलाचं घर अमेरिकेतल्या एका छोट्या गावात आहे. गल्लीतली सगळी घरं लाकडाची, शंभर वर्षांच्या वरची. पुढे लांब व्हरांडा, कोरीव खांब, छपराला नक्षीची झालर, कोपऱ्यात उगाच एक मनोरा. रविवारी लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मला किळस येते या गल्लीची.

घरांच्या मागे जाऊन बघा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकलेल्या भिंती, एसीची खोकी, कचऱ्याचे डबे. इथल्या कमिटीचा नियमच आहे, रस्त्यावरून दिसतं तेवढं जुनं ठेवायचं. बाकी काही का असेना.

माझ्या बायकोचे गुडघे गेले होते. पुढच्या पायऱ्या उंच, धरायला काही नाही. मी शाळा चौथीत सोडली, पुढे जन्मभर पिंपरीत वेल्डिंग केलं. पाइप आणून कठडा बसवला. ही एकटी खाली उतरली आणि म्हणाली, "अहो, आता तुमचा हात नको मला." किती खूश होती.

लगेच कमिटीची बाई दारात. गोड हसत मुलाला म्हणाली, पाइप शोभत नाही, काढा.

"मग तुझ्या आईनं उतरायचं कसं?" मी मुलाला विचारलं.

"बाबा, प्लीज. मागे रॅम्प करू ना. तिथे कमिटी बघत नाही."

"म्हणजे आई कचऱ्याच्या डब्यांमधून येणार-जाणार?"

"इथे सगळे बॅकडोअरच यूज करतात, बाबा."

ही मध्ये पडली. "जाऊ द्या हो. आत आल्याशी मतलब."

कठडा निघाला. हळदीकुंकवाला बायका पुढून यायच्या आणि घरची मालकीण नाकाला पदर लावून मागून. थू!

गेल्या हिवाळ्यात ती घरातच वारली. तिला न्यायला अंत्यविधीवाल्यांची दोन माणसं आली. मुलगा त्यांना मागे रॅम्पकडे नेऊ लागला. मी आडवा उभा राहिलो.

"पुढून न्यायची."

"बाबा, पायऱ्या स्टीप आहेत. मागून सोपं पडेल."

"जिवंतपणी मागून नेलीत तेवढी पुरे."

मुलानंच पुढचं दार उघडलं.

उतरताना पुढच्या माणसाचा पाय निसटला. धरायला म्हणून त्यानं एक हात बाजूला टाकला. तिथे नुसती हवा. मुलानं धावत जाऊन स्ट्रेचर सावरलं.

"नो रेलिंग?" त्या माणसानं विचारलं.

मुलानं मान खाली घातली. मी मराठीतच म्हणालो, "शोभत नाही म्हणे."

आता मी मागच्या दारानं जात नाही. माझेही गुडघे गेलेत. पुढच्या पायऱ्यांवर बसतो आणि ढुंगण घासत एकेक उतरतो. फोटोवाले कॅमेरा खाली करून थांबतात, म्हातारा कधी एकदा हटतोय म्हणून. मी सावकाश उतरतो.