ओढ्याच्या तोंडच्या शिंपल्या

गोजरबाई शिंपली डोळ्यांनी शोधत नाही, पायांनी शोधते. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, टाच उचलायची आणि अंगठ्याने चिखल हळूहळू चाळायचा. दगड पायाला लागला तर हलत नाही. शिंपली किंचित सरकते. मग एकदा वाकायचं. रिकाम्या हाताने वर आलेली गोजरबाई वस्तीत कुणी पाहिलेली नाही. तीन बोटांपेक्षा लहान शिंपली ती घेत नाही. ती नुसती फेकूनही देत नाही, होती तशी पुन्हा चिखलात उभी रोवते. त्याला वेळ जास्त लागतो. तो ती देते.

वस्ती इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. होळीच्या सुमारास पाणी मागे सरकू लागलं की बायका पाट्या घेऊन उतरतात. जांभूळओढा धरणाच्या पाण्याला मिळतो तिथे चिखल लोण्यासारखा मऊ, आणि शिंपल्याही तिथेच मोठ्या. पण पूर्वी त्या बाजूला कुणी जात नसे. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक शेड होती. तेलाची, डांबराची जुनी पिंपं तिथे धुऊन विकायचे, आणि ओढ्यावर मोरपंखी तवंग असायचा. शेड बंद पडून बारा वर्षं झाली. आता तिथे बाभळी आहेत. तवंग गेला, पाणी असं नितळ झालं की तळ दिसावा. यंदा बायका तिथे उतरल्या. सगळ्यांत आधी गोजरबाईच उतरली होती.

पहिल्याच दिवशी तिने कालवण टाकलं. झाकण काढलं आणि तिचा हात तसाच राहिला. वाफेला वास होता. मसाल्याचा नाही, शिंपलीचाही नाही. तिचा नवरा मोहनराव माळेगावच्या साखर कारखान्यात तीस वर्षं मिलच्या बेअरिंगांना तेल घालत आला होता. त्याने पातेल्यावर नाक नेलं.

"आगं, हे तर आमचं मिलहाऊस हाय. कामावरनं सुटलो म्हनलं, तर तू घरातच पाळी लावलीस व्हय?"

गोजरबाई हसली नाही. तिने पातेलं उकिरड्यावर नेऊन उपडं केलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "ओढ्याच्या तोंडच्या शिंपल्या खाऊ नगा. त्यात तेल हाय."

शेजारची ठमाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. दोघी एकाच मांडवात लग्न लागून या वस्तीत आलेल्या, त्यामुळे बोलायला आडपडदा नाही.

"पानी बघ की गोजरे. भांग पाडाय येतोय ह्यात तोंड बघून. ग्रामपंचायतीनं तपासून आनलं, चांगलं हाय म्हनत्यात. तेल कुठंय?"

"पान्यात न्हाय. शिंपलीत हाय."

"आन शिंपली ऱ्हाती कुठं? तुझ्या माळ्यावर? सरळ सांग की, मोठ्या मोठ्या एकटीला पायजेत म्हनून."

बायका हसल्या. गोजरबाई पाटी घेऊन पाण्याबाहेर आली. हसण्याचं तिला काही नव्हतं. पण ठमाबाईच्या सुनेला, छकुलीला, तिसरा महिना होता, आणि अंगात ताकद यावी म्हणून ठमाबाई तिला आठवड्यातून दोनदा त्याच शिंपल्या खाऊ घालणार होती. ते गोजरबाईच्या डोक्यातून जाईना. आणि चाळीस वर्षांत तिचा शब्द कुणी खोटा धरला नव्हता.

त्याच आठवड्यात बारामतीहून उत्कर्षा नावाची मुलगी आली. ती फुगवट्याच्या गाळावर अभ्यास करत होती. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून काचेच्या बाटल्या भरत होती. गोजरबाईने तिला दंडाला धरून आधी बाहेर काढलं, मग विचारलं, "बाई, चिखल तपासता, मंग शिंपली का न्हाय तपासत? ती तर जलमभर त्योच चिखल खाती."

उत्कर्षा थांबली. "मावशी, चाळीस शिंपल्या काढून द्याल? जिवंत ठेवा फक्त. मंगळवारी नेते."

गोजरबाईने चाळीस काढल्या, सगळ्या एका मापाच्या. घरी आणून मोठ्या टोपात विहिरीच्या पाण्यात सोडल्या. वस्तीची रीतच आहे, शिंपली कुणाला द्यायची तर गाळ ओकवून द्यायची. दाताखाली माती आली तर देणारीची लाज. मंगळवारी उत्कर्षा आली नाही, गाडी मिळाली नाही म्हणून निरोप आला. गोजरबाईने पाणी बदलणं सोडलं नाही. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन घागरी, विहिरीवरून डोक्यावर. आठव्या दिवशी शिंपल्या नेल्या तेव्हा त्या इतक्या स्वच्छ होत्या की देवापुढे ठेवाव्यात.

तीन आठवड्यांनी फोन आला. शिंपल्यांत तेल अगदी थोडं निघालं होतं. काळजी करण्यासारखं नाही.

वस्तीत ते तासाभरात पसरलं. ठमाबाई दारावरून जाताना मुद्दाम थांबली.

"गोजरे, नाकाला सर्दी झाली असंल तुझ्या. काढा करून देऊ का?"

गोजरबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. भाकरी मात्र करपली, तेही लोकांनी कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी उत्कर्षा स्वतः आली. तिला आकडा पटत नव्हता. ओढ्याच्या तोंडाजवळच्या गाळात तेल भरपूर निघालं होतं. "मावशी, काढल्यापासून मला देईपर्यंत काय केलंत, सगळं सांगा."

"काय करनार? धुतल्या, हिरीच्या पान्यात ठिवल्या. आठ दिस, दोन टायमाला पानी बदललं. येका दिसाचा बी खाडा न्हाय."

उत्कर्षाने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. मग तिने समजावून सांगितलं. तेल पाण्यात विरघळत नाही, ते गाळाला चिकटतं. पाणी वाहून जातं, गाळ बसून राहतो. शिंपली दिवसभर तळाचं पाणी आत ओढते, त्याबरोबर गाळही, आणि तेल तिच्या चरबीत साठत जातं. पण तिला स्वच्छ पाण्यात ठेवलं तर ते हळूहळू बाहेर टाकूही शकते.

बाजेवरून मोहनराव म्हणाला, "म्हंजे तेलाची चिंधी. मिलमदी आमी पुसायचो ती. पानी ओता किती बी, वरनं निथळतं, चिंधी तशीच."

"अगदी तशीच, काका. आणि मावशींनी ती चिंधी आठ दिवस धुतली."

आपल्याच कष्टाने आपला शब्द खोटा पडला हे गोजरबाईला कळलं. ती म्हणाली, "मंग उलटं करून बघू. पलीकडच्या काठाच्या चांगल्या शिंपल्या आनून ओढ्याच्या तोंडाला ठिवते. म्हयनाभर. चांगलीची वाईट झाली तर मानतील का न्हाय?"

उत्कर्षाने वही काढली. "मावशी, हे मला सुचायला हवं होतं."

पलीकडचा वाळूचा काठ तीन किलोमीटर. गोजरबाई चालत गेली, साठ शिंपल्या ओल्या गोणपाटात आणल्या. वीस उत्कर्षाला लगेच दिल्या, न धुता. चाळीस कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून, काठीला बांधून, ओढ्याच्या तोंडाशी गाळात अर्ध्या पुरल्या. पण एप्रिलचं पाणी थांबत नाही. रोज पावलापावलाने मागे जातं. पिशवी उघडी पडली की शिंपल्या मेल्या. म्हणून दर दुसऱ्या दिवशी काठ्या उपटायच्या, पाण्याच्या मागे जायचं, पुन्हा रोवायच्या. तीस दिवसांत पंधरा वेळा. उन्हाने चिखल तापलेला, मांडीपर्यंत रुतायला होई. मोहनराव काठावर छत्री धरून बसे आणि म्हणे, "आगं, आमच्या कारखान्यात बी यवढ्या पाळ्या लावत न्हाईत." चार शिंपल्या मेल्या. त्या तिने फेकल्या नाहीत, वेगळ्या बांधून दिल्या, हिशेबात राहाव्यात म्हणून.

या वेळी तिने एकही धुतली नाही. चिखलाने माखलेल्या शिंपल्या दुसऱ्याच्या हातात देताना तिची मान खाली गेली, पण दिल्या. पुढचं धुणं-उघडणं उत्कर्षा तिच्या रीतीने करणार होती.

जूनमध्ये उत्कर्षा कागद घेऊन आली. मंदिरासमोर बायका जमल्या. वाळूच्या काठच्या शिंपल्या निर्धोक होत्या. त्याच काठच्या, पण महिनाभर ओढ्याच्या तोंडाशी राहिलेल्या, यांच्यात तेल कित्येक पटींनी जास्त. एखाददुसऱ्या वेळी खाल्ल्याने घाबरायचं कारण नाही, पण आता बंद करायच्या, आणि पोटुशी बाईने तर हातच लावायचा नाही, असं तिने सरळ सांगितलं. छकुलीने तपासणीला जाताना डॉक्टरांना हे जरूर सांगावं, असंही म्हणाली.

कागदावर खाली छापलं होतं : नमुने गोळा करणे व जाळीच्या पिशव्यांची पद्धत, गोजरबाई मोहन शेंडगे. उत्कर्षाने ते मोठ्याने वाचलं. गोजरबाईने विचारलं, "त्या आठ दिसांचं लिवलंय का?"

"ती चूक लिहायची?"

"लिवा की. तवा काय धरणाचं पानी न्हवतं भरलं, हिरीचं भरलंय. येक बी खेप चुकली न्हाय माझी."

उत्कर्षाने पेनने तिथेच लिहिलं : आठ दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर प्रमाण घटले, पण पूर्ण गेले नाही. त्या ओळीपुढेही गोजरबाईचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाई पाटी घेऊन दारात आली. पाटीत वाळूच्या काठच्या शिंपल्या होत्या, सहा किलोमीटरची खेप करून आणलेल्या. माफी वगैरे तिच्या तोंडी येत नाही. तिने पाटी गोजरबाईच्या पुढे सरकवली.

"बघ जरा. सुनेला घालायच्यात."

गोजरबाई पाय दुमडून बसली. एकेक शिंपली उचलून नाकापाशी नेऊ लागली. घाई केली नाही. पाटी संपेपर्यंत ठमाबाई उभीच होती.

"घाल," गोजरबाई म्हणाली. मग दोन शिंपल्या बाजूला काढून तिच्या हातावर ठेवल्या. "ह्या तीन बोटांच्या आत हायत. माघारी जाऊन रोवून ये."

"आत्ता? तीन किलोमीटर?"

"मंग आनल्या कशाला?"

ठमाबाईने कपाळाला आठ्या घातल्या, शिंपल्या ओल्या फडक्यात बांधल्या आणि निघाली.