पियानोबाईंचे उतरलेले सूर

पियानोबाई कुठं राहतात म्हटलं, की गल्लीतलं कुणीही घर दाखवायचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपासून लांब ठेवलेला उभा पियानो, शेजारी वेताची खुर्ची, आणि बाईंचा एकच हेका: बोटं नंतर, कान आधी.

बाईंचे यजमान पियानो सुरात लावून द्यायचे. वाद्यांचं दुकान त्यांचं आणि धाकट्या भावाचं होतं. धाकट्यानं विजेवरचे कीबोर्ड विकायला आणले. त्यांना सुरात लावायची भानगडच नसते. थोरल्याच्या ते जिव्हारी लागलं. हत्यारांची पिशवी काखोटीला मारून ते निघाले, ते पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. भावाभावांतलं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मग एका सकाळी, अंथरुणातून उठायच्या आतच, यजमान गेले. आदल्याच आठवड्यात त्यांनी घरचा पियानो लावला होता. तो त्यांच्या हातचा शेवटचा, म्हणून बाईंनी पुढं कुणालाच त्याला सूर लावायची किल्ली लावू दिली नाही. लाकूड हवेबरोबर फुगतं, आकसतं, तारा ढिल्या पडतात, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. तरी सूर उतरत गेले आणि बाई कानाडोळा करत राहिल्या.

शिकायला येणाऱ्यांत एक निवृत्त नर्स होत्या. जन्म दुसऱ्यांच्या उशाशी बसण्यात गेला, आता स्वतःसाठी काही करावं म्हणून आलेल्या. घरी छोट्या कीबोर्डवर सराव करायच्या. एकदा वाजवता वाजवता त्या थांबल्या.

"घरी बरोबर येतं हो बाई. इथं बसलं की बिघडतं. माझा कानच कच्चा. या वयात काय जमणार?"

दोष तुमच्या कानाचा नाही, पियानोचा आहे, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या गप्प बसल्या. पुढच्या आठवड्यात नर्सबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

बाईंना घास गोड लागेना. शेवटी त्या दुकानात गेल्या. दीर गिटारच्या तारा बदलत होते. वहिनींना पाहून उभे राहिले. बाईंनी एवढंच सांगितलं, की पियानो उतरलाय, येऊन बघा.

दुपारी ते आले. पुढची फळी काढली. एकेका पट्टीला तीन तीन तारा. त्यांतल्या दोन, लोकरीच्या जाड नमद्याची पट्टी खोचून मुक्या केल्या, सूर देणारा पोलादी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला आणि पट्टी दाबून बराच वेळ ऐकत राहिले.

"वहिनी, दादाच्या हातचं यात आता काही राहिलेलं नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"नाही. कधीच गेलंय."

बाई खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "लावा मग, भाऊजी."

काट्यावरून मधला एक सूर धरायचा आणि त्याच्या आधारानं बाकीचे. दोन तारा जुळत आल्या की आवाज थरथरतो. किल्ली केसभर फिरवली, की थरथर मंदावते आणि एका क्षणी थांबते. पहिली पट्टी अशी स्वच्छ बोलली आणि बाईंना रडू फुटलं. यजमान गेले तेव्हा चारचौघांत त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

दिरांनी मागं वळून पाहिलं नाही.

"मला हे दादानंच शिकवलं," ते म्हणाले. "आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, वहिनी." ते पुढच्या पट्टीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बाई नर्सबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

नर्सबाईंना राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. आपण घरी बसून स्वतःलाच बोल लावत होतो, हे त्यांनी चांगलं सुनावलं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मध्ये एक आठवडा गेला आणि नर्सबाई आल्या. पियानोसमोर बसून पहिली ओळ वाजवली. दुसरी सुरू केली, तेव्हा बरोबर आलं का म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.