कॅरमवर वाटी फिरली ती दुपार

भुतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, प्रेम मात्र भरपूर होतं. सिनेमातल्या भुतांवर हं! त्यातही प्लँचेटचे सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण. सिनेमा जेवढा टुकार तेवढी मजा जास्त... ओसाड बंगला, मेणबत्त्या, कॉलेजची चार-पाच पोरं. त्यातली एक "नको ना, मला भीती वाटते" म्हणणार आणि सगळ्यांत आधी बोटही तीच ठेवणार. मग खिडक्या आपटणार, पावडर थापलेली बाई केस पुढं घेऊन येणार — आणि तिच्या नखांवर ताजं नेलपॉलिश! असलं काहीतरी हेरायचं आणि लोळून हसायचं, हा माझा आणि माझ्या नणंदेचा, रूपाचा, सुट्टीचा कार्यक्रम.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. माझं माहेर निपाणीजवळचं बोरगाव. घरात पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकघर आणि मागं पत्र्याची शेड. शेडमध्ये दोन पॉवरलूम — आम्ही नुसतं 'माग' म्हणतो. माझे सासरे त्यावर साड्या विणतात. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, मीही आप्पाच म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी असलाच एक सिनेमा बघत होतो. नवरा मच्छे गावातल्या कारखान्यात ड्युटीवर, सासूबाई लग्नाला गेलेल्या. सिनेमातला ग्लास टेबलावर गरगर फिरायला लागला आणि... लाइट गेली. शेडमधले मागही थांबले. नुसते आमचेच नाही, सगळ्या गल्लीतले. वडगावात ही अशी शांतता पसरली की कानांना कसंतरीच होतं.

"वैनी, आता आपणच करूया की प्लँचेट!" रूपा म्हणाली.

कॅरम बोर्ड काढला, त्यावर खडूनं गोलाकार क, ख, ग लिहिलं आणि मध्ये वाटी पालथी घातली. दोघींनी एकेक बोट ठेवलं. मेणबत्ती लावायची म्हटलं तर बाहेर रणरणतं ऊन! त्यावरच आधी हसून घेतलं. मग मी सिनेमातल्यासारखा आवाज काढला, "हे आत्म्या... आला असशील तर बोल!"

वाटी सरकली.

"तू ढकलायलीस न्हवं?" रूपा.

"मी कशाला? तूच."

बोर्डावर पावडर होतीच, त्यामुळं मला काही विशेष वाटलं नाही. वाटी 'ह'वर गेली. मग 'त'वर. परत 'ह', परत 'त'.

"हत... हत्ती आलाय गं वैनी!" रूपा खिदळली. मलाही हसू आवरेना. पण वाटी थांबेना. ह, त... ह, त... आणि आता जोरात. बोटाखाली ती ओढ घेत होती, गाईचं दावं ओढ घेतं ना, तशी.

रूपानं बोट काढून घेतलं. तिचा चेहरा बघून मीही काढलं.

वाटी फिरतच होती.

कुणाचंही बोट नसताना ती 'ह'वरून 'त'वर गेली, तिथून सरळ 'प'वर गेली आणि तिथं थरथरत राहिली. मला आठवतंय, माझ्या तोंडावर अजून हसू होतं. ते पुसायचंच राहून गेलं होतं.

"वैनी," रूपा हळूच म्हणाली, "हत्ती न्हाय गं... हात. आप्पा!"

लाइट गेली की आप्पा स्वस्थ बसत नाहीत. मागात हात घालून सुताची तुटलेली तार जोडत बसतात. मी उठून धावत सुटले.

शेडच्या दारात पोचले तर आप्पा पाठमोरे वाकलेले, दोन्ही हात मागाच्या आत. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण घशातून आवाजच निघेना.

तेवढ्यात आप्पांनी झटकन हात बाहेर ओढले आणि वळून बघितलं. माझ्याकडं नाही, डावीकडं. तिथं नुसती भिंत.

आणि माग सुरू झाला.

खटाखट, खटाखट! आडवा धागा नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला धावत होता. वरचा पंखा बंद. शेजारचा माग बंद. गल्ली तशीच चिडीचूप. फक्त तो एक माग, पिसाळल्यासारखा... आणि मग एकदम थांबला. आप्पा भिंतीला धरून खाली बसले. मी त्यांचे हात हातात घेऊन बोटं चाचपत राहिले. सगळी जागेवर होती.

नवऱ्यानं येऊन सगळं तपासलं. "मेन स्विच आप्पांनी स्वतः पाडलेला आहे," तो म्हणाला. "पट्ट्यात राहिलेल्या ताणामुळं धोट्याचा एखादा फटका बसू शकतो..." पण एवढे फटके? मी विचारलं. मशिनरीत दिवस घालवणारा माणूस, पण त्या रात्री त्यानं शेडला बाहेरून कुलूप घातलं.

वाटीबद्दल आम्ही आप्पांना काहीच सांगितलं नव्हतं. ते आपणहून बोलले, चार दिवसांनी. मी चहा घेऊन गेलते.

"बरं झालं पोरी, वेळेवर वरडलीस. न्हायतर हात गेलाच होता."

मी चहा बशीत ओतायला लागले.

"पण कानडीत कशाला गं वरडलीस? 'कै तेगी, कै तेगी' म्हणून... हात काढ, हात काढ. अगदी कानाला लागून."

मी कप खाली ठेवला. कानडी मला बाजारापुरती येते. पण जीव घाबरल्यावर तोंडून काही निघालंच असतं, तर ते मराठीच निघालं असतं. आणि मी तर लांब दारात होते. तोंडातून हूं की चूं नाही.

"आप्पा, तो आवाज... माझाच होता?"

त्यांनी शेडकडं बघितलं. मग नुसतेच म्हणाले, "बाईचा हुता."

तो माग आता बंदच असतो. आप्पा दुसऱ्यावर विणतात, तोही कुणीतरी शेडमध्ये असेल तरच. रूपा म्हणते, ज्यानं वाचवलं त्याला कशाला भ्यायचं वैनी? तिला तेवढं पुरतं. मला नाही पुरत. 'हात काढ' म्हणणारी कुणीतरी चांगली होती, हे मी मान्य करते. मग तो माग कुणी चालवला?

आम्ही तर एकालाच बोलावलं होतं.